उणे दहाच्या सकाळी सरावाला निघताना

खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या घरी जून-जुलैत जी धावपळ चालते, तीत व्हिसा असतो, विमा असतो, तिथल्या मेसमध्ये शाकाहारी काय मिळेल याची काळजी असते. थंडीचा विषय मात्र “जॅकेट तिथंच घेऊ” एवढ्यावर संपतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, आयोवा या पट्ट्यातल्या विद्यापीठात जाणार असाल, तर तो इतक्या लवकर संपवू नका. मिनीॲपोलिसमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे १३-१४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याकडे निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरला की ती पेपरात बातमी होते. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या मुलांनी तर १५ अंशांच्या खालचा आकडा क्वचितच अनुभवलेला असतो.

आणि तिथं थंडी पडली म्हणून खेळ थांबत नाही. ॲथलेटिक्सचं त्यांचं वर्ष पाहा: सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस-कंट्री, डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत इनडोअर स्पर्धा, मग जूनपर्यंत मोकळ्या मैदानावरच्या. म्हणजे बाहेर बर्फाचे ढीग साचलेले असतात, तेव्हा तुमचा अर्धा मोसम चालू असतो. हिवाळा कसाबसा काढू आणि एप्रिलपासून खरं खेळू, हा हिशेब तिथं चालत नाही.

जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. उन्हाला आपलं शरीर चांगलं सरावतं. उन्हात रोज सराव केला तर १० ते १४ दिवसांत फरक दिसतो. घाम लवकर सुटतो, रक्तातला द्रवभाग वाढतो, त्याच वेगाला नाडी कमी पडते. थंडीशी जुळवून घेण्याची शरीराची ताकद त्या मानानं फार तोकडी आहे. काही आठवड्यांनी कुडकुडणं थोडं कमी होतं, गार वारा पूर्वीइतका बोचत नाही. पण बोचत नाही म्हणून बोटं गोठायची थांबत नाहीत. थंडी निभते ती कपडे, वॉर्मअप, वेळेची निवड आणि वेळीच तोंड उघडण्याची सवय यांवर. ज्याला आपण अंगातला काटकपणा म्हणतो, त्याचा इथं फारसा उपयोग नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडचा चांगला खेळाडू काटकपणाच्या कौतुकावरच वाढलेला असतो. पहाटे पाचला उठून अनवाणी धावलेली मुलं आहेत ही. दुखलं तरी बोलायचं नाही, सरांना उलट विचारायचं नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली असते. अविनाश साबळेचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं: बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा, दुष्काळी भागातला मुलगा लष्करात गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीमला राहिला आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. उदाहरण खरंच मोठं आहे. पण त्यातून घ्यायचं काय, ते नीट पाहा. लष्कर कुठल्याही जवानाला थेट सियाचीनवर नेऊन उभं करत नाही. आधी प्रशिक्षण असतं, टप्प्याटप्प्यानं वर नेणं असतं, खास कपडे असतात, हाता-पायांची बोटं तपासण्याची शिस्त असते. तुम्हालाही ती शिस्तच हवी आहे. सहन करून दाखवायची हौस मनातून काढून टाका.

तिथं पोहोचल्यावर पहिली अडचण आकड्यांची येते. हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात. ३२ म्हणजे आपला शून्य, ५० म्हणजे १०, १४ म्हणजे उणे १० आणि त्यांचा शून्य म्हणजे आपला जवळपास उणे १८. हे चार आकडे पाठ केले की पुष्कळ काम भागतं. पण नुसतं तापमान पुरेसं नाही. त्याच्या शेजारी ‘विंड चिल’ नावाचा आकडा असतो, तो आधी वाचा. वारा अंगाभोवतीची ऊबदार हवा उडवून नेतो, त्यामुळे उघडी त्वचा फार लवकर गार पडते. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार उणे १८ अंशांत ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल, तर विंड चिल उणे २८ होतं आणि उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. धावताना तुमच्या स्वतःच्या वेगानंही वारा तयार होतो. अशा दिवशी बाहेरचा सराव आत हलवा म्हणून विचारण्यात कमीपणा नाही. बहुतेक प्रशिक्षक तो स्वतःच हलवतात.

आता एक साधी सकाळ घेऊ. साडेसहा वाजलेत, बाहेर उणे १० आहे, वारा बेताचा, आणि ५० मिनिटांचं सोपं धावणं करायचंय. अंगाला लागून पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा, घाम बाहेर सोडणारा पातळ थर घाला. त्यावर ऊब धरणारा फ्लीसचा पूर्ण बाह्यांचा थर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, ज्याची चेन धावता धावता गळ्यापाशी उघडता येईल. खाली अंगाबरोबरची जाड टाइट्स. सुती बनियन आणि सुती मोजे खोलीतच ठेवा. सूत घाम धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली उष्णता झपाट्यानं ओढून घेतं. हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगानं वाहून नेतं. पहिल्या हिवाळ्यात आजारी पडणाऱ्या मुलांना आपण कमी कपडे घातले होते असं वाटतं. पुष्कळदा झालेलं असतं उलटंच: कपडे जास्त घातलेले असतात, अर्ध्या वाटेत अंग घामानं निथळतं आणि मग थांबल्याबरोबर गारठा धरतो. धावणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की बाहेर आहे त्यापेक्षा १० अंश जास्त आहे असं समजून कपडे घालावेत. दारातून निघाल्यावर पहिली पाच-सात मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. मात्र हा ठोकताळा सतत धावणाऱ्यांसाठी आहे. उडी मारणारे, गोळाफेक करणारे, दोन प्रयत्नांच्या मधे दहा-दहा मिनिटं उभे राहणारे, यांना वरून जाड कोट लागतोच, आणि तो प्रयत्नाच्या आदल्या क्षणापर्यंत अंगावर हवा.

हातात बोटाबोटांचे मोजे नकोत. चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. पायात दोन जोड मोजे चढवायचा मोह होतो. तसं केलं की बूट आवळतो, रक्त कमी पोहोचतं आणि पाय आणखी गार पडतात; त्यापेक्षा लोकरीचा एकच बरा जोड. अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे खरं नाही, तरीही कानटोपी हवी, कारण कान फार लवकर गोठतात. आईनं विणून दिलेली लोकरीची टोपी तिथं उत्तम कामाला येते. गळ्याभोवती मफलरऐवजी नळीसारखा शिवलेला गळपट्टा घ्या, तो नाकापर्यंत ओढता येतो. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा; थंडीत बॅटरी अचानक मान टाकते.

वॉर्मअप इमारतीच्या आत करा. थंडीत स्नायूंचं तापमान उतरलं की त्यांची ताकद आणि वेग दोन्ही कमी होतात, आणि मांडीच्या मागचा स्नायू किंवा टाचेवरची शीर ताणून घ्यायला एवढं कारण पुरतं. पुण्यात दहा मिनिटांत अंग मोकळं होत असेल, तर तिथं वीस मिनिटं धरा. हलकं जॉगिंग, गुडघे उचलणं, पाय झोके देऊन फिरवणं असं हालचालीचं करा. एका जागी ताण धरून बसणं नंतरसाठी ठेवा. अंग तापू द्या, पण घाम फुटेपर्यंत नको.

रस्त्यावर आलात की जाताना वाऱ्याच्या तोंडाला धावा आणि परतताना वारा पाठीशी घ्या. उलट केलंत तर घामेजल्या अंगावर समोरून वारा येतो. एकाच दिशेनं पाच किलोमीटर लांब जाऊन परतण्यापेक्षा कॅम्पसभोवतीच्या फेऱ्या बऱ्या, म्हणजे काही झालं तर दार जवळ असतं. दाराचं कार्ड खिशात आहे ना, हे निघताना पाहा, आणि रूममेटला सांगून निघा. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो. रस्ता नुसता ओला असल्यासारखा दिसतो आणि पाय टाकताच सरकतो. आदल्या दिवशी ऊन पडून रात्री पुन्हा गोठलं असेल, तर तो नक्की असतो. त्या दिवशी पावलं छोटी टाका, वेगाचा सराव बाहेर करू नका. शिवाय तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आपली नजर सवयीनं आधी उजवीकडे जाते, आणि गाडी डावीकडून येते. अंधारात, टोपी कानांवर ओढलेली असताना ही चूक महागात पडते. चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावा.

परत आल्यावर पहिलं काम ओले कपडे उतरवण्याचं. गप्पा, फोन, नाश्ता सगळं नंतर. डोकं घामानं ओलं असेल तर ते आधी पुसा. पोहणाऱ्यांनी तर केस पूर्ण कोरडे केल्याशिवाय तलावाच्या इमारतीबाहेर पाऊलच टाकू नये.

हिमदंशाची सुरुवात ओळखायला शिका, कारण ती दुखत नाही आणि धोका त्यातच आहे. आधी बोट झोंबतं, ठणकतं. मग ठणका थांबतो आणि बरं वाटू लागतं. मिटन काढून पाहावं तर बोटाचं टोक पांढुरकं, मेणासारखं दिसतं; सावळ्या त्वचेवर ते राखाडी किंवा फिकट वाटतं. हात लावला तर कळत नाही. इथं धावणं थांबवायचं, आत यायचं. बोट चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. शेगडी, हीटर किंवा हेअर ड्रायर जवळ धरू नका, सुन्न कातडीला भाजल्याचं कळत नाही. काखेत धरा, किंवा ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागेल अशा पाण्यात बुडवा. थोड्या वेळात संवेदना आणि रंग परतला नाही, किंवा फोड आले, तर सरळ डॉक्टरकडे. सोबतचा खेळाडू अडखळत बोलू लागला, त्याला झिप लावता येईना, विनाकारण चिडू लागला, तर त्याचं शरीर आतून गार पडतंय असं समजा. त्याला एकटं सोडू नका, आत न्या आणि मदत बोलवा. तिथल्या प्रत्येक संघाबरोबर ॲथलेटिक ट्रेनर असतो. तो व्यायाम घेणारा माणूस नसून दुखापती आणि प्रथमोपचार पाहणारा, परवाना असलेला वैद्यकीय व्यावसायिक असतो. पहिल्याच आठवड्यात त्याची ओळख करून घ्या. त्याच्याकडे “बोट बधिर झालंय” असं जाऊन सांगणं हे तक्रार करणं नव्हे. खेळाडूनं सांगावं अशीच तिथं अपेक्षा असते. न सांगणाऱ्या खेळाडूला तिथले प्रशिक्षक शहाणा समजत नाहीत.

आता इनडोअर ट्रॅकबद्दल. तो ४०० मीटरचा नसतो, साधारणपणे २०० मीटरचा असतो, आणि अनेक ठिकाणी त्याची वळणं तिरपी उचललेली असतात. १०० मीटरऐवजी ६० मीटरची शर्यत असते. हातोडाफेक नसते, त्याऐवजी मुलांसाठी ३५ पौंडांचं आणि मुलींसाठी २० पौंडांचं वजन फेकायचं असतं. थाळी आणि भाला इनडोअरमध्ये नसतातच. नीरज चोप्राकडे पाहून भाल्याकडे वळलेल्या मुलानं हे आधीच ध्यानात घ्यावं, म्हणजे जानेवारीत संघातले बाकीचे स्पर्धांना निघाले की आपण मागे पडलो असं वाटणार नाही. हे महिने त्याच्या ताकदीच्या आणि तंत्राच्या तयारीचे आहेत. धावणाऱ्यांना त्रास होतो तो वळणांचा. एकाच दिशेनं आखूड वळणं घेत राहिलं की दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही, नडगी आणि घोटा कुरकुरतात. सरावात दिशा बदलायची मुभा असेल तर बदला, आणि इनडोअरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्याचं अंतर वाढवू नका. वेगाचा सगळा सराव मात्र आतच. शून्याखाली पूर्ण ताकदीनं स्प्रिंट मारण्यात मला काहीच हशील दिसत नाही.

इनडोअर मोसम आपल्या मुलांना साधतो का? साधतो. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला. पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, आयोवातल्या एम्स इथं त्यानं इनडोअरमध्ये २.२८ मीटरची उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचं आउटडोअर विजेतेपद मिळवलं.

थंड हवा कोरडी असते. जोरात श्वास घेतला की ती श्वासनलिका कोरडी करते. काहींना धावणं संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो. एखाद्या दिवशी थोडा खोकला आला तर काळजी नको. दर वेळी येत असेल तर तपासून घ्या. आपल्याकडे कधी दम्याचा त्रास नसलेल्यालाही श्रमानं श्वासनलिका आकुंचन पावण्याचा हा त्रास तिथं पहिल्यांदा जाणवू शकतो. गळपट्टा नाकावर ओढला आणि वॉर्मअप लांबवला तर पुष्कळांना आराम पडतो. डॉक्टरांनी सालब्युटामॉलचा इन्हेलर दिला तर घाबरू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांत तो २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो. सर्दीच्या गोळ्यांचं मात्र सांभाळा. स्यूडोएफेड्रिन हे सर्दीचं नेहमीचं औषध स्पर्धेच्या काळात, लघवीत ठरावीक मर्यादेपलीकडे सापडलं तर जागतिक नियमांत उत्तेजक ठरतं. एनसीएएची यादी वेगळी आहे, तिच्यात ते बंदी असलेल्यांत मोडत नाही. त्यामुळे तिथं बिनदिक्कत घेतलेली गोळी राष्ट्रीय स्पर्धेसाठी भारतात आल्यावर अंगाशी येऊ शकते. घरून पाठवलेल्या, घटक न छापलेल्या ‘ताकदीच्या’ चूर्णांपासूनही दूर राहा. आल्याचा चहा आणि तुळशीचा काढा खुशाल घ्या.

थंडीत तहान लागत नाही, आणि लघवी मात्र जास्त होते. त्यामुळे ठरवून पाणी प्यावं लागतं. डायनिंग हॉल संध्याकाळी लवकर बंद होतो, तेव्हा सरावाहून उशिरा आलात तर खोलीत काहीतरी असू द्या: शेंगदाणे, खजूर, दूध, अंडी, डिंकाचे लाडू. शाकाहारी मुला-मुलींनी राजमा, चणे, टोफू, ग्रीक योगर्ट यांवर भर द्यावा. तिथल्या सॅलडवर आणि पास्त्यावर खेळाडूचं भागत नाही. ड जीवनसत्त्वाचा प्रश्न खरा आहे. ४२ अंश उत्तर अक्षांशावरच्या बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात बसलं तरी त्वचेत ते तयार होत नाही, इतका सूर्य खाली असतो. मिनीॲपोलिस त्याहून वर, ४५ अंशांवर आहे, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर एरवीही जास्त ऊन लागतं. किती मात्रा घ्यायची ते रक्त तपासून डॉक्टरांना ठरवू द्या.

अंधाराचा त्रास मुलं घरी सांगत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात; डिसेंबरात मिनीॲपोलिसला दिवस पावणेनऊ तासांचा असतो आणि साडेचारला सूर्य मावळतो. सकाळी अंधारात सराव, दिवसभर वर्ग, बाहेर पडावं तर पुन्हा अंधार. झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, मन कशातच लागत नाही. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर उजेडात चालून या, ढगाळ असलं तरी. १०,००० लक्सचा दिवा सकाळी वीस-तीस मिनिटं समोर ठेवण्याचा उपाय बऱ्याच जणांना लागू पडतो. विद्यापीठाच्या समुपदेशकाला विचारून सुरू करा. दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली तर त्याच्याकडे जाच. जवळच्या शहरात महाराष्ट्र मंडळ असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमाला आवर्जून जा, तिळगूळ खा, मराठीत बोला. हे सरावाच्या वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं आहे असं मी मानतो.

डिसेंबरच्या सुट्टीत घरी येणार असाल, तर तीन आठवडे लग्नं आणि जेवणावळींत घालवू नका. आठवड्यातून चार-पाच दिवस तरी धावा. परत गेल्यावर पहिले चार-पाच दिवस हलका सराव ठेवा. साडेअकरा तासांचा वेळेचा फरक आणि ३०-४० अंशांचा तापमानाचा फरक शरीरावर एकदम पडलेला असतो. जानेवारीतच पहिल्यांदा दाखल होणाऱ्यांनी तर प्रशिक्षकांना तसं आधीच कळवावं, कारण सप्टेंबरपासून उतरत्या पाऱ्यात रोज बाहेर पडून मिळणारी सवय त्यांना मिळालेली नसते.

पालकांना एकच विनंती. मूल निघण्यापूर्वी इथंच त्याचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ब१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, मुलींचं फेरिटिन तर न चुकता. कमतरता असेल तर भरून काढायला काही महिने लागतात, म्हणून एप्रिल-मेमध्येच तपासा आणि रिपोर्टची प्रत त्याच्या बॅगेत ठेवा.